लाल चिंधीची काठी

एका डोंगराच्या पायथ्याला एक म्हातारा आणि एक म्हातारी राहायची. दिवसभर तंडायची, पण जेवायची एकाच ताटात.

वर डोंगरात, गर्द रानात एक तळं होतं. लग्न झाल्यावर दोघं एकदा तिथं गेली होती. आता म्हाताऱ्याची नजर मंदावत चालली होती. "पार अंधार व्हायच्या आत ते तळं एकदा डोळे भरून बघायचंय," असा त्याने हट्टच धरला.

"चला मग. भाकरी बांधते," म्हातारी म्हणाली.

पावसाळा नुकताच सरला होता. डोंगराच्या धारेवरून वाट जात होती, दोन्ही बाजूंना दाट झाडी. म्हातारी पुढे, म्हातारा मागे. एका फाट्यावर तो दम खायला टेकला, तर हाताला लांब, सरळ फांदी लागली. "वा रे वा! देवानंच काठी धाडली," म्हणत तो ती टेकत निघाला. चाल अशी सुधारली की म्हातारीलाही बरं वाटलं.

शेवटची चढण उरली, तेव्हा म्हातारीने मागे वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही काठी कुठनं उचललीत? हिला लाल चिंधी आहे!"

"धरायला बरं पडावं म्हणून कुणी गुंडाळली असेल."

"कर्म माझं! कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर आडवी टाकलेली फांदी ती. चिंधी दिसली की त्या वाटेनं जायचं नाही, हा आपल्या डोंगराचा रिवाज. आता ती वाट मोकळी पडली की हो!"

म्हाताऱ्याने वर चढणीकडे पाहिलं. तळं आता हाकेच्या अंतरावर होतं. मागे जाऊन पुन्हा चढायला पायांत त्राण उरेल का? आणि आज राहिलं, तर पुढच्या वर्षी डोळे असतील का? म्हातारी हळूच म्हणाली, "येताना ठेवू या का? या वाटेला कोण येतंय?"

"अगं, मला दिसत नाही म्हणून मी चुकलो. ज्याला दिसतंय त्यालाही चुकवू होय?" असं म्हणत म्हातारा उलटा फिरला.

फाट्यावर येईतो धुकं दाटलं. त्याने फांदी आडवी टाकली, तोच घुंगरं वाजली. एक गवळण म्हशी घेऊन येत होती. पुढची म्हैस कड्याच्या वाटेला वळली आणि फांदीला अडून थांबली.

गवळणीने चिंधी पाहिली आणि म्हशीला मागे वळवलं. "बाई बाई! या धुक्यात माझ्या म्हशी गेल्याच असत्या. कुणा पुण्यवंतानं टाकलीय ही?"

"पुण्यवंत कसला! मघाशी मीच उचलली होती," म्हातारा ओशाळून म्हणाला.

"पण ठेवलीतही तुम्हीच ना, बाबा?" गवळण हसली. "तळ्यावरच निघालेय मी. काठी नाही तर नाही, म्हशीचं शेपूट धरा!"

आणि खरंच, म्हातारा शेपूट धरून चढण चढला. म्हातारीला हसू आवरेना. वर पोचेपर्यंत धुकं विरलं. समोर तळं काठोकाठ भरलेलं, कडेनं पांढरी कमळं.

"दिसतंय गं! कमळंसुद्धा दिसतायत!" तो आनंदानं ओरडला.

म्हातारीने पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "हो का? मग चिंधी तेवढी दिसली नाही मेली!" असं म्हणत तिने भाकरी सोडली.

तात्पर्य: वाटेवरची खूण मागून येणाऱ्याची असते. ती आपल्या हातून हलली, तर आपणच मागे फिरून जागेवर ठेवावी.