रांगेबाहेरचे जोडे

दाराशी जोडे रांगेत ठेवावेत, हा गावच्या शाळेचा नियम. मोडणाऱ्याच्या बापाला बोलावणे जाई. समितीचे अध्यक्ष गुणवंतराव मात्र जोडे भिरकावून पालकसभेत शिरले. "काका, रांगेत ठेवा," असे चिमुरडी चंद्री म्हणाली, तेवढ्यावरून त्यांनी तिचे नाव पटावरून काढायला फर्मावले. वर तिच्या आईला दरडावले, "हौसे, पोरीला वळण लावता येत नाही?"

हौसाची मान झुकली नाही. "वळण लावलंय, म्हणूनच बोलली. गुरुजी, नियम मोडणाऱ्याच्या बापालाच विचारायचं ना?" नातवासाठी सभेला आलेल्या अध्यक्षांच्या वडिलांकडे ती वळली. "तात्या, तुमच्या लेकाचं काय करायचं?"

म्हातारा काठी टेकत उठला. "गुणा, ऊठ. आधी जोडे रांगेत लाव."

भरल्या सभेतून गुणवंतराव दाराशी जाऊन वाकले. चंद्रीचे नाव पटावरच राहिले.