बारशाच्या पाटावर बसलेला राजा

फार फार मागे, एका नगरीत एक राजा होता. टेकडीवरच्या महालातून आपली नगरी चमकताना बघायची त्याला भारी हौस. म्हणून त्याने हुकूम काढला, घरांवरचं गवत काढा आणि तांब्याचे पत्रे ठोका. मागच्या भिंतीतल्या खिडक्याही बुजवा, त्यांनी शोभा जाते.

लोकांनी मुकाट ऐकलं. नगरी झळकायला लागली आणि आत माणसं भाजायला लागली. मग घरोघरी वाळ्याचे पडदे लागले. ते ओले ठेवायला तळ्यातून पखालींनी पाणी येई आणि घटकेत वाळून जाई. बघता बघता तळ्यात नुसता चिखल उरला.

त्याच नगरीत एक बाळंतीण होती. तिची तान्ही लेक घामोळ्यांनी लालबुंद झाली होती. दूध ओढायचंही त्राण तिच्यात नव्हतं. पडदा भिजवावा तर प्यायला पाणी नाही. न भिजवावा तर पोर हातची जाते की काय! पदराने वारा घालून आईचा हात भरून येई, आणि डोक्यात संताप मावेना. चमक बघणार टेकडीवरचा, आणि भाजणार माझं लेकरू?

त्या नगरीची एक रीत होती. बारशाचं बोलावणं राजानेसुद्धा नाकारायचं नाही. आणि बाळ शांत झाल्याशिवाय त्याच्या कानात नाव सांगायचं नाही. तोवर कुणी पाटावरून उठायचंही नाही.

तिने राजाला बोलावणं धाडलं. वेळ ठरवली भर दुपारची.

राजा आला, पाटावर बसला. पत्रा वरून आग ओकत होता. पाळण्यात बाळ टाहो फोडत होतं.

"अहो बाई, आटपा लवकर!" प्रधान घाम पुसत म्हणाला.

"कशी आटपू? रडतंय ना पोर," बाळाची आत्या म्हणाली. "बसा की जरा. पाट काही चावत नाही."

राजाचा मुकुट तापला. "अरे, पडद्यावर पाणी मारा!"

"कुठलं पाणी, महाराज?" बाळंतीण म्हणाली. "तळं तुमच्या पत्र्यांनी पिऊन टाकलं."

"मग दुसरं तळं खणू," प्रधान म्हणाला.

आता मात्र तिचा तोल सुटला. "खणा! तेही या पडद्यांवरच ओता! आधी घराची भट्टी करायची आणि मग भट्टी विझवायला तळी आटवायची! लाज कशी वाटत नाही हो? महाराज, तुम्हाला एक दुपार सोसवेना. माझी लेक जन्मल्यापासून इथेच आहे."

राजाने पाळण्यात पाहिलं. रडून रडून त्या जिवाचा आवाजही बसला होता.

"उतरवा ते पत्रे," तो म्हणाला. "खिडकी फोडा."

माणसं छपरावर चढली. खिडकी फुटली तशी वाऱ्याची झुळूक आत शिरली. छपरावर गवत चढेपर्यंत दुपार कलली. बाळाने एक हुंदका दिला आणि ते गप्प झालं. आत्याने वाकून कानात नाव सांगितलं.

"चला, या घरापुरतं मिटलं," प्रधान उठत म्हणाला.

"घरापुरतं?" बाळंतीण दारात आडवी उभी राहिली. "शेजारची पोरं काय दगडाची आहेत?"

प्रधान राजाकडे बघू लागला. राजा पाळण्याकडे बघत म्हणाला, "सगळ्यांचेच उतरवा."

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी महालाचे पत्रे उतरले, मग साऱ्या नगरीचे. टेकडीवरून आता काही चमकत नव्हतं. पण पुढच्या पावसात भरलेलं तळं उन्हाळाभर पुरलं, आणि पाळण्यातली पोरं दुपारची निवांत झोपू लागली.

म्हणून सांगते, जे घर गार ठेवायला गावाचं पाणी संपतं, ते घर कितीही देखणं असलं तरी चुकीचंच बांधलेलं असतं.