तारेवरचा कपटा

"...मग एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊ, की अठ्ठ्याऐंशी?"

चिंतामणबुवा मठाच्या ओसरीवर तंबोरा पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

यशोधनने दुकानाचं रंगीत माहितीपत्रक त्यांच्यापुढे धरलं. शहरात त्याची स्वतःची रेकॉर्डिंगची खोली होती. एकटा माणूस कॉम्प्युटरवर पन्नास वाद्यांचा ताफा उभा करतो, हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. बुवांनी ऐकून घेतलं होतं.

"तीन कीबोर्ड लावून पाहिले, बुवा. एकाशीही जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

यशोधनचा आवाज खाली आला.

"आई."

वत्सलाबाई खांबाशी बसल्या होत्या. परवा त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज राहील, पण हाच राहील असं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मुलाला त्यांचा पाळणा कीबोर्डच्या साथीवर रेकॉर्ड करून ठेवायचा होता. लहानपणी तो त्याच पाळण्यावर झोपायचा.

"सांगून थकलो तिला. जरा वर घे, पट्टीशी जुळवून घे. आता तर ती तोंडच उघडत नाही."

"त्याला चांगलंसं यंत्र सांगा, महाराज," वत्सलाबाई म्हणाल्या. "माझ्यापायी तीन परत केली त्याने. नाचता येईना अंगण वाकडं... यंत्राला कशाला नावं ठेवायची?"

बुवा पहिल्यांदाच हसले.

"म्हणा पाळणा."

"नको. सुरात नाही मी. त्याने कॉम्प्युटरवर दाखवलं मला, चुकलेला सूर तांबडा दिसतो म्हणे, आणि माझं सगळं तांबडं तांबडं."

यशोधनने नजर चुकवली. तसं खरंच दाखवलं होतं त्याने.

"मग त्या डबीतलं ऐकव," बुवा म्हणाले.

यशोधनने कॉम्प्युटर उघडला, स्पीकर ओसरीच्या कडेला ठेवला. पाळणा सुरू झाला. साथीला काही नव्हतं. नुसता आईचा आवाज.

बुवांनी तंबोरा मांडीवर घेतला आणि त्या आवाजाशी जुळवत एका तारेची खुंटी पिळू लागले. इतकी हळू, की हात हलतोय की नाही कळेना. मग तार छेडली.

"ही कुठली पट्टी?"

यशोधनने मित्राकडून आणलेला छोटा कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला. पांढरी पाच वाजवली. तार थोडी वर होती. शेजारची काळी चार वाजवली. तार खाली होती.

"दोन्हींच्या मधली, बुवा."

"मग मधली वाजव."

"मध्ये पट्टीच नसते!"

"असं...?"

बुवांनी माहितीपत्रकाचा कोपरा फाडला. नेमका सगळ्यात महागड्या कीबोर्डच्या चित्राचा. यशोधनच्या तोंडून "अहो" निघता निघता राहिलं. नखाएवढा कपटा बुवांनी दुमडला आणि त्याच तारेवर खोगिरासारखा बसवला.

"स्पीकर इकडे आण. ऐकव पुन्हा."

पाळणा सुरू झाला. कपटा गप्प. आवाज वर चढला, वळला, फिरला. कपटा गप्पच. मग ओळ संपवून आई 'सा'वर येऊन थांबली...

कपटा थरथरला, उडाला आणि बुवांच्या मांडीवर पडला.

तारेला कुणीही हात लावला नव्हता; नेमका जुळणारा सूर ऐकून ती आपणच बोलली होती.

बुवांनी कपटा पुन्हा बसवला. पुढची ओळ संपली. कपटा उडाला. तिसऱ्या ओळीलाही तसंच झालं. यशोधनने स्वतःच पाळणा थांबवला.

"आता तुझी पट्टी वाजव," बुवा कपटा पुन्हा तारेवर बसवत म्हणाले.

त्याने काळी चार दाबली. कपटा हलला नाही. पांढरी पाच दाबली. नाही. आवाज वाढवला, ओसरीचे वासे घुमले. कपटा आपला तारेवर बसून.

वत्सलाबाई केव्हा पुढे सरकल्या, कुणाला कळलं नाही. त्या तंबोऱ्यासमोर आल्या आणि देवापुढे बसावं तशा बसल्या.

"म्हणजे महाराज... मी..."

बुवांनी नुसता हात तारेपासून दूर नेला.

वत्सलाबाईंनी डोळे मिटले. गप्प झाल्यापासून पहिल्यांदा गायल्या. आवाज आधी कापला, घोगरा झाला, मग सावरला. ओळ वळून घरी आली.

कपटा उडाला.

त्यांनी डोळे उघडून पाहिलं. कपटा जमिनीवर होता आणि तार अजून हलके बोलत होती. वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

यशोधनने वाकून कपटा उचलला. त्यावर पट्ट्यांचं इवलंसं चित्र होतं, चारच पट्ट्या, त्याही अर्धवट. आठवडाभर आपण आईला बेसूर म्हणत होतो, या विचाराने त्याचा चेहरा उतरला. त्याने आईच्या पायांना हात लावला. ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

मग तो बुवांकडे वळला. आल्या वेळची ऐट आता आवाजात नव्हती.

"बुवा... दुकान सातला बंद होतं. कोणता घेऊ?"

बुवांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली.

"आठवडाभर आईला काय सांगत होतास?"

"जरा वर घे... जुळवून घे."

"तेच आता दुकानात जाऊन यंत्रांना सांग. जे ऐकेल, ते आण."