सहा वर्षांची आत्याबाई

फार पूर्वी चीन देशातल्या एका गावात एक घर होतं. त्या घरात माणसं अठरा होती आणि नियम एकशे बारा. घरचे कर्ते शेन आजोबा यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून दिवाणखान्यात टांगले होते. थोरांनी जेवणाच्या काड्या उचलल्याशिवाय कुणी उचलायच्या नाहीत. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. चहा धाकट्याने थोराला द्यायचा, तोही दोन्ही हातांनी. चूक झाली तर थोर सांगतील ती शिक्षा मान खाली घालून घ्यायची, उलट बोलायचं नाही. थोरांकडून चूक झाली तर काय, याचा नियम नव्हता. तशी वेळ कधी आलीच नव्हती, असं आजोबांचं मत होतं.

आजोबांचा सत्तरावा वाढदिवस उजाडला तोच धांदल घेऊन. जिल्ह्याचे अधिकारी जेवायला येणार होते. घर पसंत पडलं तर ते दारावर एक लाकडी फलक लावणार होते : 'मुलांना वळण असलेलं घर'. साऱ्या जिल्ह्यात असा फलक एकच. आजोबांनी त्यासाठी महिनाभर आधीच खिळा ठोकून ठेवला होता.

सकाळपासून तालीम सुरू झाली. सुना आयुष्य लांबावं म्हणून वाढदिवसाला खातात त्या लांबच लांब शेवया ओढत होत्या, मुलगे खुर्च्या सरळ रेषेत लावत होते, नातवंडं वाकून वाकून दमली होती. सात वर्षांच्या नातवाकडे, आनकडे, चहा ओतायचं काम होतं. किटली त्याच्या डोक्याएवढी. तिसऱ्या तालमीला ती कलंडली आणि टेबलभर चहा झाला. आजोबांनी आवाज चढवला नाही. तसा नियमच होता. त्यांनी फक्त मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. जेवणं आटपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आन हात बाहीत लपवून निमूट गेला.

दुपारी अधिकारी आले. त्यांच्या पाठोपाठ डोंगरापलीकडच्या भाऊबंदांपैकी एक विधवा आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, श्याओमानला, घेऊन आली. हातात कोबीचा गड्डा, पायात गवताच्या चपला. आजोबांनी दोघींना दाराजवळच्या टेबलाकडे पिटाळलं. अधिकाऱ्यांनी मात्र सहज नातं विचारलं.

बाई संकोचून म्हणाली, की त्यांची शाखा शेंडेफळांची, त्यामुळे पिढ्या मागे रेंगाळल्या. हिशेब केला तर ही मुलगी शेन आजोबांच्या वडिलांची दूरची चुलतबहीण लागते.

"म्हणजे यजमानांची आत्या," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरचा नववा नियम मोठ्याने वाचला. थोरपण वयावर नाही, पिढीवर ठरतं.

अक्षर आजोबांचंच होतं. पळायला वाट नव्हती. मानाच्या खुर्चीत तीन उशा रचल्या गेल्या, वर आत्याबाई विराजमान झाल्या आणि सत्तर वर्षांच्या भाच्याने कमरेत वाकून नमस्कार केला.

शेवया वाफाळत होत्या. सगळ्यांचे डोळे आत्याबाईंच्या काड्यांवर. आत्याबाई हात मांडीवर ठेवून स्वस्थ.

"आत्याबाई, सुरुवात करावी," आजोबा म्हणाले.

"आधी मोठे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना घरून तसंच शिकवून आणलं होतं.

"आपणच मोठ्या आहात."

आत्याबाईंना हे पटलं नाही. शेवया निवू लागल्या. अधिकाऱ्यांच्या पोटातून आवाज आला, तो सर्वांनी नियमाप्रमाणे ऐकला नाही. निदान चहा तरी द्यावा म्हणून आजोबांनी स्वतः किटली उचलली. आत्याबाईंना चहा द्यायचा म्हणजे धाकटे तेच. घाई, भीती आणि नजरेसमोर तो फलक. किटली कलंडली. चहा आजोबांच्या हातावर, टेबलावर आणि तिथून अधिकाऱ्यांच्या रेशमी जोड्यांवर ओघळला.

भिंतीवर नियम स्पष्ट होता, शिक्षा थोरांनी द्यायची. साठ वर्षांत पहिल्यांदाच आजोबा मान खाली घालून वाट पाहत उभे राहिले.

आत्याबाई उशांवरून घसरत खाली आल्या. त्यांनी आजोबांचा हात ओढून जवळ घेतला आणि त्यावर फुंकर घातली.

"भाजलं का रे?" मग टेबलाकडे बघत म्हणाल्या, "आई म्हणते, आधी हात बघायचा, मग टेबल."

अधिकारी एकदम खूश. जोडे विसरून त्यांनी फलक आत मागवला. "शोभते आत्या! सगळं घर इथेच आहे ना, यजमान? म्हणजे सर्वांसमक्ष लावू."

फलक दारात आला. खिळा समोर होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आजोबांची नजर एका रिकाम्या खुर्चीवर गेली, मग आनच्या आईवर. ती जमिनीकडे बघत होती. आजोबांचा हात चुरचुरत होता आणि सकाळची ती बाहीत लपवलेली मूठ त्यांना आठवली.

घरात धावायचं नाही हा सत्ताविसावा नियम. सत्तर वर्षांचे आजोबा अंगणापर्यंत धावत गेले.

"हात दाखव."

आनने हात पुढे केला. तळव्यावर टरटरून फोड आला होता.

"बोलला का नाहीस?"

"उलट बोलायचं नाही ना, आजोबा."

आजोबांनी फुंकर घातली. सवय नसल्याने ती जरा जोरातच गेली. मग त्याला कडेवर घेऊन ते आत आले.

"सगळं घर इथे नव्हतं," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "एकाला मी भिंतीकडे उभं केलं होतं. सकाळी याच्याकडून हेच झालं, आणि मी आधी टेबल बघितलं. फलक राहू द्या."

अधिकाऱ्यांनी फलक आत्याबाईंच्या आईला दिला आणि तो त्याच संध्याकाळी डोंगरापलीकडे गेला. त्यांच्या झोपडीला तो टांगण्याजोगं दार नव्हतं, म्हणून बाई त्याच्या कोऱ्या बाजूवर शेवयांचं पीठ मळू लागली. इकडे आजोबांचा खिळा रिकामाच राहिला. आठवड्याने त्यांनी त्यावर एक छोटी किटली टांगली, सात वर्षांच्या हाताला पेलेल अशी.

तात्पर्य : मुलांना वळण जरूर लावावं, पण आधी त्यांचा हात बघावा. नियमांची पाटी कुठे पळून जात नाही.