खुर्चीची मधली फळी

“ओळखा बुवा, कुठलं लाकूड असेल?”

वामननं हातगाडीवरची खुर्ची देवळाच्या ओट्यावर उतरवली. आज स्वारीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

धोंडीबुवांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. “बाभूळ.”

“आमच्याच बांधावरची. वादळात पडली होती. कडेचं फिकं लाकूड टाकून तांबडा गाभा तेवढा घेतला. रंधा मारला, जवसाचं तेल पाजलं. बैठकीच्या खोलीत ठेवणार. उद्या वडील येतायत ना...”

बुवांना ते ठाऊक होतं. ‘याच्या हातून खिळासुद्धा सरळ जात नाही’ हे वडिलांचं वाक्य वामन लहानपणापासून गिळत आला होता. उद्या त्याचा निकाल लागायचा होता.

“आधी तुम्ही बसा बुवा. शिष्याच्या हातची पहिली खुर्ची.”

बुवा ऐसपैस बसले, मागे रेलले. खुर्ची जरासुद्धा करकरली नाही.

“रंग कसा एकसारखा आलाय, नाही?” वामनला राहवेना.

“सगळा गाभाच?”

“सगळा.”

...

बुवा उठले आणि पाठ फिरवून समईत तेल घालू लागले. वामनचा चेहरा खर्रकन उतरला. बुवांच्या शुभ्र धोतरावर मागच्या बाजूला तांबडा पट्टा उमटला होता. सरळ, बरोबर एका फळीएवढा.

गाभा एका फळीला कमी पडला होता. म्हणून बसायच्या जागेतली मधली फळी कडेच्या फिक्या लाकडाची घालून वामननं तिला तेलात कालवलेला गेरू चोपडला होता. सोंग छान वठलं होतं, फक्त वाळलं नव्हतं.

“बुवा, वडिलांनी नेमकी तीच फळी पाहिली असती हो...”

बुवांनी धोतर पुढे ओढून पाहिलं आणि ते पोट धरून हसले.

“वडील कसलं धोतर नेसतात?”

“पांढरंच.”

आता वामनलाही हसू आवरेना. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि फळी खसाखसा पुसायला घेतली. उपरणं लाल झालं. चार तांबड्या फळ्यांमध्ये ती एक फिकी फळी उघडी पडली. वामन तिच्याकडे बघतच राहिला. वाईट नव्हती दिसत. उलट त्याला फार आनंद झाला, आणि त्या आनंदाची थोडी भीतीही वाटली.

बुवा त्याच धोतरानिशी पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

“पण बुवा, वडिलांनी विचारलं, ही एकच फळी अशी का, तर काय सांगू?”

बुवांनी डोळे मिटले.

“त्यांनी विचारायच्या आत ‘बसा’ म्हण.”