कागदाची शेवटची ओळ

काम मागायला निघालेल्या माणसाने आपल्याला काय जमत नाही, ते कशाला सांगायचं?

हा प्रश्न एका धाकट्या भावाने तिघांना विचारला होता. तिघांपैकी एकानेही त्याला उत्तर दिलं नाही.

गोष्ट फार जुनी आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच. एका राज्यात एक मोठा तलाव होता. त्याच्या बांधात अगदी तळाशी पाणी सोडायची मोरी होती. मोरीत फांद्या आणि गाळ अडकला की पाणबुड्याने खाली जाऊन ती मोकळी करायची. हे दरबारचं काम होतं. ज्याला ते मिळे, त्याला बांधाशेजारी घर आणि जन्मभराचं धान्य मिळे.

पण त्या राज्यात तोंडी काम मागता येत नसे. आपली ओळख एका कागदावर लिहून द्यावी लागे. निवड झाली की तो कागद दरबारात मोठ्याने वाचत आणि त्यावर अंगठा घेत. मग कागदात नसलेली कुठलीही सबब चालत नसे. आणि कागदात कुणी फसवाफसवी केली, तर त्याला राज्याच्या वेशीबाहेर घालवत.

तलावाकाठी दोन भाऊ राहत. दोघेही पाणबुडे. थोरला संथ आणि सावध होता. धाकट्याला कशाचाच दम निघत नसे. थोरल्याच्या हातात दोर असे, म्हणूनच धाकटा दर वेळी जिवंत वर येई.

थोरल्याने तीन वर्षं दरबारात कागद दिला. "मेहनती आहे, प्रामाणिक आहे, पाण्यात उतरतो," एवढंच त्यात असे. तिन्ही वेळा कागद परत आला.

शेवटी थोरल्याची बायको दिराला म्हणाली, "भाऊजी, बाजारात ती लिहिणारी आजी बसते ना? लोकांचे कागद लिहिणं हाच तिचा धंदा. यांना घेऊन जा तिच्याकडे. हे आपणहून जायचे नाहीत."

आजीने जुना कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"मेहनती तर बैलही असतो," ती म्हणाली. "तू काय करतोस ते सांग."

"पाण्यात उतरतो."

"बेडूकही उतरतो."

धाकटा खो खो हसला. थोरला ओशाळून जमिनीकडे पाहत राहिला. पण आजीने त्याला सोडलं नाही. किती वर्षं उतरतोस? किती खोल? एका दमात काय काय करून येतोस? तुझ्या दोरावर कितीजण खाली गेले, आणि वर किती आले? दुपार कलली तरी ती विचारत होती आणि थोरला आठवून आठवून सांगत होता. ही उत्तरं त्याच्याजवळ होती, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग तिने लिहिलं, आणि ओळीखाली बोट फिरवत दोघांना वाचून दाखवलं. "अकरा वर्षं पाण्यात. माझ्या दोरावर उतरलेला एकही माणूस दगावला नाही. एका दमात चार पुरुष खोल जाऊन लाकूड कापून येतो. भिंतीला कान लावून गळती ओळखतो."

"हे सगळ्यांत वर का?" धाकट्याने विचारलं.

"दिवाण उभ्या उभ्या वाचतो. पहिल्या दोन ओळींत तुझा भाऊ दिसला नाही, तर पुढे दिसायचा नाही."

आजीचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. "गढूळ पाण्यात उतरत नाही, पाणी निवळेपर्यंत थांबतो."

"ही नको," धाकटा म्हणाला. "काम मागायला निघालेल्या माणसाने आपल्याला काय जमत नाही, ते कशाला सांगायचं?"

आजी शाई वाळवत होती. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. वाटेत त्याने थोरल्याला तेच विचारलं. थोरला म्हणाला, "गप रे. तिचं काम तिला कळतं." सकाळी त्याने वहिनीला विचारलं. ती भाकरी थापत होती. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली.

त्या दिवशी थोरल्याला एका विहिरीवर जायचं होतं, म्हणून कागद पोचवायला धाकटा निघाला. त्याला वाचता येत नव्हतं. पण शेवटची ओळ कुठली, हे कळायला वाचता यावं लागत नाही. वाटेतल्या चिंचेखाली थांबून त्याने कागदाची खालची पट्टी दुमडली, नखाने घडी दाबली आणि फाडून टाकली. त्याला वाटलं, आपण भावाचं भलं केलं.

आठ दिवसांनी थोरल्याला बोलावणं आलं. दरबारात कागद वाचला गेला, आणि वाचणारा थांबला.

"झालं?" थोरल्याने विचारलं.

"झालं. का, काही राहिलं?"

थोरल्याने कागदाची खालची कड पाहिली. मग मागे वळून भावाकडे पाहिलं. धाकटा हसत होता. काही राहिलं म्हणावं, तर धाकट्याला वेशीबाहेर जावं लागणार होतं.

"नाही," थोरला म्हणाला आणि त्याने अंगठा उमटवला.

घरी आल्यावर जेवताना तो म्हणाला, "तू फाडलंस?"

"मग? मिळालं ना काम?"

"मिळालं."

"मग झालं तर."

"जेव," थोरला म्हणाला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

ते वर्ष बरं गेलं. पुढच्या वर्षी नदीने डोंगरातली सगळी माती आणली. तलाव काठोकाठ भरला, पाणी ताकासारखं झालं, आणि एक आख्खं झाड येऊन मोरीत अडकलं. बांधाला ओल सुटली. दिवाण स्वतः बांधावर आला.

"दिवाणजी, पाणी गढूळ आहे," थोरला म्हणाला. "स्वतःचा हातही दिसायचा नाही. दोन दिवस थांबा."

"बांध दोन दिवस थांबेल का? आणि ही अट तुझ्या कागदात कुठे आहे?"

धाकटा शेजारीच दोर घेऊन उभा होता. थोरला त्याच्याकडे न बघता म्हणाला, "नाही." त्याने कमरेला दोर बांधला आणि तो उतरला.

बराच वेळ दोर हलत होता. मग खालून धडधड आवाज आला. झाड सरकलं, मोरीतून पाणी सुटलं, बांध वाचला. धाकट्याने दोर ओढला. ओढताना हाताला काहीच ओझं लागलं नाही. दोर तुटून आला होता.

दरबारच्या यादीत थोरल्याच्या खालोखाल नाव असलेल्या पाणबुड्याला दिवाणाने हाक मारली. "जा. निदान प्रेत तरी घेऊन ये." तो कोवळा पोरगा होता. तो दोर बांधू लागला.

धाकट्याने त्याच्या हातातून दोर काढून घेतला.

"कुणी उतरायचं नाही," तो म्हणाला. "दिवाणजी, कागदात ती अट होती. मी फाडली."

दिवाण खाली बसला.

"मूर्खा," तो हळूच म्हणाला. "ती ओळ वाचली असती, तरी मी त्यालाच घेतलं असतं. आणि पाऊस लागायच्या आत मोरीवर जाळी बसवून घेतली असती. हा माणूस पुरात उतरणार, या भरवशावर मी राहिलो." मग तो उठला. "तुला वेशीबाहेर जावं लागेल."

"जातो. पाणी निवळू द्या."

धाकटा बांधावर बसून राहिला. वहिनी येई, त्याच्याशी एक शब्द न बोलता थोडं अंतर ठेवून बसे आणि संध्याकाळी परत जाई. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, आता जमेल. तो म्हणाला, नाही. तिसऱ्या दिवशीही नाही म्हणाला. जन्मात कशासाठी न थांबलेला तो माणूस पाच दिवस पाण्याकडे बघत बसला.

सहाव्या दिवशी तळाचे दगड दिसू लागले. त्याने दोराचं टोक त्या कोवळ्या पाणबुड्याच्या हातात दिलं आणि तो खाली गेला. फांद्यांत अडकलेल्या भावाला त्याने एकेक फांदी कापून, घाई न करता सोडवलं. वर आणलं. त्याचं तोंड धुतलं, केसांतला गाळ काढला आणि वहिनीसमोर ठेवलं. मग ओल्या अंगानेच तो वेशीकडे चालू लागला.

बोध एवढाच: आपली ओळख जाणत्या माणसाकडून खुशाल लिहून घ्यावी, पण आपल्याला काय जमत नाही ते सांगणारी ओळ कुणाच्याही भल्यासाठी फाडू नये.