बुडालेल्या गावाची चाल

फार जुनी गोष्ट. एका राज्यात वाद्यांसाठी चाली बांधणारी एक बाई होती. दरबारात तिला मोठा मान. त्या दरबाराची एक रीत होती: नवी रचना वाजायच्या आधी रचणाऱ्यानं उभं राहून तिचा अर्थ सांगायचा. संगीताला शब्द नाहीत, मग दरबाऱ्यांना कळणार कसं? माना कधी डोलवायच्या, हेसुद्धा बिचाऱ्यांना सांगावं लागे!

त्या वर्षी राजानं नौकाविहाराची हौस भागवायला भलामोठा तलाव बांधला. त्यात अख्खी करंजवाडी बुडाली. माणसं हुसकावली, घरं, दळायची जाती, तुळशीवृंदावनं सगळी पाण्याखाली गेली. आणि तलावाच्या उत्सवासाठी चाल बांधायची आज्ञा झाली बाईला. तिला काही केल्या आनंदाची चाल सुचेना. ती करंजवाडीच्या बायकांजवळ जाऊन बसली, त्यांची दळतानाची गाणी ऐकली आणि त्यांवरच आपली रचना उभी केली.

प्रधानानं तालीम ऐकली. माणूस बेरकी, ही चाल करंजवाडीची हे लगेच ओळखलं त्यानं.

"बाई, एक सूरही बदलू नका," तो म्हणाला. "फक्त अर्थ सांगताना म्हणा, हा महाराजांच्या कीर्तीचा डंका आहे. सुरांना कुठे तोंड असतं?"

सोय तर नामी होती. रचना वाजणार, मान राहणार, खोटं पकडणार कोण? पण मग करंजवाडी दुसऱ्यांदा बुडाली असती, तीही बाईच्या हातून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उत्सवाच्या दिवशी ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ही चाल करंजवाडीची आहे. महाराजांच्या तलावाखाली जे गाव आहे ना, त्याची."

राजा लालबुंद झाला. पण परमुलखाच्या पाहुण्यांसमोर करतो काय! चाल वाजली. दुसऱ्या दिवशी बाईला राज्याबाहेर घालवलं. चाल मात्र राजानं ठेवून घेतली. एवढी सुंदर चाल टाकवेना त्याला, हावरा मेला.

पुढच्या उत्सवात प्रधानच अर्थ सांगायला उभा राहिला. महाराजांच्या कीर्तीचा डंका, म्हणाला. वाजंत्र्यांनी सुरुवात केली मात्र, मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली. तिच्या शेजारची उठली. मग सगळी सभाच उभी राहिली, करंजवाडीसाठी. प्रधान "खाली बसा" म्हणून ओरडत राहिला, पण चाल संपेपर्यंत कुणीही बसलं नाही. बसलेला होता तो एकटा राजा.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: आपल्या कृतीचा खरा अर्थ आपणच ठणकावून सांगावा, एकदा चारचौघांत सांगितलेलं खरं कुठल्याही राजाला पुसता येत नाही.